संयोगिता, पुणे ३० हिचे खरे नाव

मी, केरबा दत्तू चौगले, वय वर्षे ७६, धंदा पुस्तक-बांधणी, फिरते वाचनालय आणि थोडेफार प्रकाशन, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. अतुल यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी दम दिलेला नाही, गोड बोलून बसवलेले नाही. २०११ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम १. कसबा बावड्यातील राहते घर, वरच्या पत्र्याच्या खोलीसह, माझी पत्नी धोंडुबाई हिला हयातभर द्यावे. तिच्या पश्चात ते मुलगा विजयसिंह याचे. हे घर मी नोकरी करून बांधलेले नाही. दहावी नापास झालो, छापखान्यात खळ ढवळायला लागलो, तिथून बांधणी शिकलो, आणि १९७८ साली सायकलच्या कॅरियरला लोखंडी पेटी बांधून बायकांच्या दारात कादंबऱ्या नेऊ लागलो. गल्लीतले लोक म्हणत, केरबाचं घर सासवा-सुनांनी बांधलं. खरे आहे. धोंडुबाईने वरच्या खोलीत भाडेकरू ठेवू नये, तिला ते जमत नाही. ती भाड्याऐवजी त्यांची दुखणी ऐकत बसते.

कलम २. पतसंस्थेतील ठेव आणि साखर कारखान्याचा शेअर धोंडुबाईचा. यावर जास्त लिहीत नाही. भांडण होण्याइतके त्यात काही नाही.

कलम ३. कटिंग मशीन, दाबाचा शिकंजा, सुया, दाभण आणि हाडाची पट्टी ही सर्व हत्यारे बाळासो यांना द्यावीत. त्यांनी तीस वर्षे माझ्या शेजारी बसून पुस्तके शिवली आणि एकही वाचले नाही. त्यांना हत्यारे देण्यामागे दुसरे एक काम आहे, ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ४. वाचनालयाची सभासद-नोंदवही न उघडता जाळावी. कोणत्या घरातली बाई काय वाचत होती, हे गावाला कळण्याची गरज नाही. एका गृहस्थांनी १९९१ साली भर सभेत माझ्या पुस्तकांना ‘फोडणीच्या वासाचे साहित्य’ म्हटले होते. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांच्या सौभाग्यवती मोलकरणीच्या नावाने माझ्या सभासद होत्या, आणि त्या आठवड्यातही दोन पुस्तके घेऊन गेल्या होत्या. चौतीस वर्षे हे वाक्य जिभेवर होते. आता लिहिले, नाव लिहिले नाही, हिशेब मिटला.

कलम ५. शिल्लक पुस्तके नात मोना हिची. त्यांची किंमत तिला कळावी म्हणून थोडे सांगतो.

माझ्या सभासद बायका वाचून झालेल्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर आपली खूण करत, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये. कोणी मासा, कोणी चांदणी, कोणी नुसती टिकली चिकटवी. ‘लुनावरची सासू’ आणि ‘दोन जावा, एक मिक्सर’ यांची एकविसावी पाने बघावीत. बोट ठेवायला जागा नाही. एकेका कादंबरीच्या चाळीस प्रती फिरत होत्या, तरी लाईन बाजारात बायका माझी सायकल अडवत. बुधवारी एस.टी.ने मलकापूरला दोन पिशव्या जात, त्या रिकाम्या परत येत. त्या पुस्तकांत कोणी मरत नसे. बाई हसत असे, घरातल्यांना हळूच वाकवत असे, आणि शेवटी तिला हवे ते मिळत असे.

मग घरोघरी केबल आली. १९९९ नंतरच्या पुस्तकांत चार-पाच खुणा सापडतील. माझी जुनी सभासद झुंबरबाई दारातच म्हणाली, “केरबाभाऊ, आता सासू रोज टीव्हीत येत्या, न्यायला-आणायला लागत न्हाय.” दहा वर्षांत पेटी गंजली. ग्रंथालयांनी माझी पुस्तके गठ्ठ्यांनी काढून टाकली. शिकलेल्या मुली ती हातात धरायला लाजू लागल्या. टाळेबंदीत मोनाने कंटाळून ‘लुनावरची सासू’ फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि त्याच शिकलेल्या मुली आता भाकऱ्या थापताना, ऑफिसला जाताना ती कानात घालून ऐकतात. किती जणी ऐकतात तो आकडा मोना सांगते. मला तो खरा वाटत नाही, पण तिला वाटतो.

कलम ६. आता मुख्य गोष्ट.

‘लुनावरची सासू’ धरून मी प्रकाशित केलेल्या बावीस कादंबऱ्यांवर लेखिका म्हणून ‘संयोगिता, पुणे ३०’ असे छापले आहे. अशी बाई नव्हती, नाही. बावीसही कादंबऱ्या आक्काताई बाबासो कुरणे यांनी लिहिल्या. त्या कसबा बावड्यात बौद्धवाड्यात राहतात, शिवणकाम करून त्यांनी मुलगा प्रसेनजीत याला शिकवले. त्या माझ्या वाचनालयाच्या सभासद होत्या. १९८३ साली पुस्तक परत करताना म्हणाल्या, “ह्यातली बाई लई रडती. मी ह्यापेक्षा बरं लिवीन.” मी चेष्टेने म्हणालो, “लिवा की.” महिन्याभरात वही भरून आणून दिली. मी ती उभ्याने वाचली आणि सायकल तिथेच विसरून घरी आलो.

माझे कान तिखट आहेत, त्याचा मला अभिमान होता. दारात पुस्तक देता-घेता बायका जे बोलत, ते मी ऐकून आक्काताईंना सांगत असे. एक म्हणायची, “नवरा लईच गुळगुळीत दावलाय, असा कुठं असतोय व्हय?” पुढच्या कादंबरीतला नवरा घोरायला लागे. त्याच कानांनी मी एका दारात दुसरेही ऐकले. एक बाई शेजारणीला विचारत होती, “ब्लाऊज त्या वस्तीतल्या बाईकडं टाकतीस व्हय गं?” बस, एवढेच. मी एका दारात ऐकले आणि शंभर दारांचे ठरवून टाकले. मुखपृष्ठावर पुण्याच्या पेठेतला पत्ता गेला. पुण्यात माझे कोणीही नव्हते.

आक्काताईंनी विचारले होते, “माझं नाव घालणार न्हायसा?” मी म्हणालो, “पुढच्या पुस्तकाला घालतो.” दुसऱ्या पुस्तकाला तेच म्हणालो. पाचव्यानंतर त्यांनी विचारणे सोडले. संयोगिताबाईंना आलेली वाचकांची पत्रे मी त्यांना नेऊन देई. त्या मशीनवर बसून वाचत आणि माझ्या देखत परत पाकिटात घालत. मानधन दिले. त्याची पावती घेतली नाही, लेखनाचा करारही केला नाही. मी हुशार माणूस आहे. करार केला असता तर नाव लिहावे लागले असते.

कलम ७. पुरावा कुठे आहे ते सांगतो, कारण माझ्या माघारी तो कोणाला सापडणार नाही.

पुस्तक छापून झाले की हस्तलिखित माझ्या लेखी रद्दी होती. बांधणीत पुठ्ठ्याला आतून आणि पाठीला रद्दीचे कागद खळीने डकवावे लागतात, नाहीतर पुस्तक लवकर फाटते. घरात रद्दी असताना विकत कोण आणील? मी आक्काताईंच्या वह्यांची पाने फाडून त्यांच्याच पुस्तकांच्या पुठ्ठ्यात डकवली. बावीसपैकी चौदा कादंबऱ्यांच्या वाचनालयातील प्रती शिल्लक आहेत. त्या प्रत्येकीच्या पुठ्ठ्याआड त्यांचे अक्षर आहे, खाडाखोडीसह. बाळासो यांनी ओल्या फडक्याने खळ भिजवून, घाई न करता पुठ्ठे सोडवावेत. पाने ताब्यात घेताना मोना आणि आक्काताईंची नात दीक्षा दोघींनी हजर राहावे. एक पुठ्ठा मी स्वतः सोडवून पाहिला आहे. अक्षर शाबूत आहे.

कलम ८. चि. विजयसिंह यास. मुंबईच्या एका कंपनीने सर्व कादंबऱ्या फोनवर आणण्यासाठी मागितल्या. तू कागद तयार केलास आणि त्यात ‘मूळ लेखक केरबा दत्तू चौगले, टोपणनाव संयोगिता’ असे लिहून सहीला आणलेस. मी विचारले, हे काय? तू म्हणालास, “आबा, बाईच्या नावानं लिवणारे किती असत्यात. तुम्हीच लिवलं म्हणा. आक्काताईंस्नी ह्या वयात काय फरक पडतोय?”

मला राग आला नाही. मला ते वाक्य ओळखीचे वाटले. तू वाईट नाहीस, विजयसिंह. मी आक्काताईंचे नाव झाकले, तू त्या झाकणावर माझे नाव घालत होतास. काम तेच, एक पायरी पुढे. तो कागद मी फाडला आहे. मी गेल्यावर तू दुसरा करशील, ही भीती होती, म्हणून हे सर्व लिहायला बसलो.

कलम ९. हे कलम पहिल्या मसुद्यात असे होते: ‘माझ्या मृत्यूनंतर सर्व कादंबऱ्या आक्काताई बाबासो कुरणे यांच्या नावाने प्रसिद्ध व्हाव्यात.’ ते मी खोडले आहे. का खोडले ते नोंदवतो.

दोन जुलैला मी, धोंडुबाई आणि मोना तो मसुदा घेऊन आक्काताईंकडे गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. दीक्षा दुपारी त्यांना फोन लावून देते आणि त्या आपलीच गोष्ट ऐकतात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘लेखिका संयोगिता’ हेही ऐकतात. मोनाने मसुदा वाचून दाखवला. मी वाट बघत होतो की बाई आता रडतील, किंवा भाऊ म्हणून हात धरतील. त्यांनी विचारले,

“म्हंजे तुमी मेल्यावर माझं नाव येनार?”

“कायदा तसाच हाय आक्काताई. मृत्युपत्र मेल्यावरच चालू होतंय.”

“आन मी आदी गेलो तर?”

धोंडुबाई म्हणाली, “दोघांबी गोळ्या एकाच डॉक्टरच्या खाताय, त्यालाच इचारा नंबर कुणाचा.” दीक्षा हसली. आक्काताईही हसल्या, मग थांबल्या.

“केरबाभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मरनाची वाट बघायला लावू नका मला. बरं दिसत न्हाय ते.”

मी ऐकण्यात आयुष्य काढले, पण एवढे स्पष्ट मला कोणी सांगितले नव्हते. चार जुलैला अ‍ॅड. क्रांती यांच्यामार्फत कंपनीला लेखी कळवले की लेखिका आक्काताई बाबासो कुरणे आहेत, हक्क त्यांचे आहेत आणि पुढचे बोलणे त्यांच्याशी करावे. सात तारखेला मोनाने प्रत्येक भागाची सुरुवात नव्याने वाचली. त्यात नाव आहे आणि पत्ताही आहे: कसबा बावडा, कोल्हापूर. मोना सांगते, काही जणींनी ऐकणे सोडले. काही नव्या आल्या. कोण गेले, कोण आले, हे मी तिला विचारले नाही.

म्हणून या कलमाने मी कोणाला काहीही देत नाही. जे झाले आहे ते माझ्या कोणत्याही वारसाने फिरवू नये, एवढीच अट. जो फिरवील, त्याचा या मृत्युपत्रातील वाटा मोनाकडे जाईल.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. क्रांती यांनी करावी. आक्काताईंना साक्षीदार म्हणून सही करायची होती. बाळासोंनी विचारले, चालतं का? वकीलबाई म्हणाल्या, चालेल, त्यांना यात काही मिळत नाही. पण आक्काताईंनीच नको म्हटले. झुंबरबाईला बोलवा म्हणाल्या. झुंबरबाईने संयोगिताच्या बावीसही कादंबऱ्या वाचल्या आहेत. आज सकाळी मी तिला खरे सांगितले. ती म्हणाली, “माझी पोलकी शिवायला टाकताना मी तिलाच सांगत होतो की, संयोगिताबाई कशा भारी लिवत्यात म्हणून. ती नुसती माप घेत होती. का बोलली न्हाय?”

“मी बोलू दिलं नाही,” असे मी सांगितले. ते इथेही लिहून ठेवतो.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खाली नाव दिलेल्या दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: ११ जुलै २०२५

(सही) केरबा दत्तू चौगले

साक्षीदार
१. (सही) डॉ. अतुल

२. (सही) झुंबरबाई. केरबाभाऊंनी माझ्यासमोर सही केली. मी इथून थेट आक्काताईंकडे जात आहे.