सूर्य मुक्कामाला अकोल्यात

मूर्तिजापूर

आदरणीय व्याहीबुवा शेषराव यांस,

चंद्रभानचा हात जोडून रामराम. विहीणबाईंच्या गुडघ्याला आता उतार असेल. तुमच्या पोटाची चौकशी करत नाही, ते मूर्तिजापुराहूनही तब्येतीनं दिसतं (व्याह्याचा हक्क आहे, राग मानू नये). सूनबाई रागिणीचा नर्सिंगचा अभ्यास माहेरी, अकोल्यात, निवांत चालला असेलच. इकडे आपली नात खुशी मजेत आहे आणि मी तिच्या अंगणवाडीत जायला लागलो आहे. हसू नका. शिकायला नाही, शिकवायला.

झालं असं, की अंगणवाडीच्या पौर्णिमाताई म्हणाल्या, "बाबाजी, तुमी ताऱ्यायची पुस्तकं वाचता, लेकरायले सूर्य-चंद्र शिकवा ना." मी सातवी पास, पण ग्रहण कसं लागतं हे भाजीच्या दुकानात बसून वाचून काढलेला माणूस, लगेच फुगलो. पहिल्या दिवशी पृथ्वी म्हणून संत्रं नेलं. टॉर्च शोधेपर्यंत गजेंद्र नावाच्या कार्ट्यानं पृथ्वी सोलली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ली (बिया मला परत दिल्या, पोरं इमानदार आहेत). मग लेकरांनाच पृथ्वी केलं. सूर्य मी झालो, कारण सूर्याला खुर्चीत बसून राहता येतं. जागच्या जागी फिरा, मी दिसलो की दिवस, पाठ झाली की रात्र, असा खेळ. पोरं अशी गरगरली की दोन-तीन पृथ्व्यांना भोवळ आली, एक माझ्या मांडीवर येऊन आदळली, आणि विपुल उलटा फिरल्यामुळे त्याचा सूर्य अमरावतीकडे मावळला.

पौर्णिमाताईंचं म्हणणं, उत्तर सांगू नका, विचारा. म्हणून विचारलं, "खरा सूर्य सकाळी कुठून येते?"

"अमरावतीकडून!"

"अन् संध्याकाळी कुठं जाते?"

"अकोल्याले!"

आमच्या गावातून पाहिलं तर यात चूक काढायला जागा नाही. मी "बरोबर" म्हणालो आणि तिथंच फसलो. खुशी उभी राहून म्हणाली, "म्हंजे सूर्य माह्या आईपाशी जाते. तिथं रात्रच होत नाही. मनून आई झोपाले घरी येत नाही."

पौर्णिमाताई माझ्याकडे पाहत राहिल्या, मी बियांकडे. तेव्हापासून रोज संध्याकाळी पोरगी ओट्यावर उभी राहून मावळत्या सूर्याला दम भरते, "आज तिथून लवकर नीघ. आईले झोप येत असन."

बाकी इकडे सर्व ठीक. विहीणबाईंना नमस्कार, तुमच्यावर लोभ आहेच.

तुमचा,
चंद्रभान

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. एखाद्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन व्हिडिओ कॉलवर अकोल्यातला अंधार दाखवावा, म्हणजे सूर्य तुमच्याकडे मुक्कामाला नाही हे लेकरांना पटेल. पुढं कुठं गेला असं विचारलं तर खामगाव सांगा. तिथं आपलं कोणी नाही, चौकशी तिथंच थांबेल.

पुन्हा ता. क. वरचं राहू द्या. अंधार दिसला की पोरगी विचारील, "मंग आई काहून येत नाही?" याचं उत्तर मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. निघताना लेकरू रडतं, म्हणून परीक्षा होईस्तोवर रागिणीनं येऊ नये, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ते मोडू. शनिवारच्या गाडीत तिला बसवून द्या, सोमवारी सकाळी परत पाठवतो. (हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि ती अभ्यास टाकून आजच निघाली असती.) सोमवारी खुशीचं रडणं मी सांभाळतो. तुमच्या जावयाचं कोण सांभाळणार, तेवढं विहीणबाईंना विचारून कळवा.