बोटीला फाळका

९ नोव्हेंबर, रविवार
तामलवाडीच्या पुढच्या तलावावर बोटीची पहिली चाचणी. लाट येते, टिकत नाही.

कारण समजून घेतल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून मांडून ठेवते. बोटीचा तळ पाणी दोन्ही बाजूंना ढकलतो. बोट पुढे सरकली की तेच पाणी मागची पोकळी भरायला धावतं, एकमेकांवर चढतं, उचललं जातं. बोट डावीकडे कलती ठेवली तर डावीकडची लाट उंच आणि नितळ होते. बोटीला बांधलेली दोरी धरून तिच्या उतारावर पायाखालचा बोर्ड टेकवून उभं राहिलं की दोरी सोडून देता येते. पुढचं काम लाटच करते. किती सुंदर गोष्ट आहे ही.

दत्ता गोव्यात पाण्यावरच्या खेळांच्या बोटीवर कामाला होता; तिथे त्याच्या उजव्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तीही दोरीच्या हिसक्यामुळेच. डॉक्टरांनी ओढ घ्यायला कायमची बंदी केली आहे. वर्षभर धाकटा भाऊ घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला पाहिला. गोव्याच्या मालकाने धंदा गुंडाळताना ही जुनी बोट त्याला देऊन टाकली, तेव्हापासून पहिल्यांदा वेळेवर जेवतो आहे. त्याचा विचार असा: सुरुवातीलाही दोरी नको. बोटीच्या मागची फळी आहे, जिच्यावरून पोहणारे चढतात, तिच्यावर बोर्डसकट उभं राहायचं आणि थेट लाटेवर उतरायचं. (पंखा तळाखाली, बराच पुढे आहे, म्हणून हा विचार तरी करता येतो. पंखा मागे असलेल्या बोटीवर कदापि नाही.)

अडचण: फळी रुंद आहे, पाण्यालगत आहे. उचलणारी लाट तिच्या पोटाला थडकते आणि फेस होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कॉलेजातून आल्यावर शेतातल्या हौदात प्रयोग. साबणाची डबी म्हणजे बोट, मागे पुठ्ठ्याची शेपटी. शेपटी कापत गेले, तशी रेघ स्वच्छ होत गेली. बोट लहान असली की पाणी वेगळं वागतं, हे मान्य. तरी दिशा कळते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गुरांना पाणी दाखवायला आले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पोरांना फिजिक्स शिकवतीस का डब्या पोहायला?" मग दत्ताबद्दल, त्याचं नाव न घेता: "पाण्यावर हुबं ऱ्हायाचा पगार कोण देतंय त्याला?"

मी शेपटी आणखी बोटभर कापली. 

१५ नोव्हेंबर, शनिवार
महबूबचाचांच्या वर्कशॉपात. उसाच्या ट्रॉल्या बनवणारे. बोट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, पण बिचकले नाहीत. फळीचे मागचे दोन्ही कोपरे आणि निम्मी रुंदी कापली, ब्रॅकेट चार बोटं वर घेतले. चाचांनी आपण होऊन कडेला उभी पट्टी मारून ठेवली होती, ट्रॉलीला असते तशी, "माल घसरू नये म्हणून". ही पट्टी पाणी खोऱ्यासारखं उचलेल, हे त्यांना चहाच्या बशीत चमचा फिरवून दाखवलं. चाचा बशीत बघत म्हणाले, "माल घसरायलाच बसवायलाव म्हना की. तसं आधी सांगायचं." पट्टी काढली.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरी चाचणी. विलक्षण गोंधळ.

बोट विठ्ठलने चालवली: दत्ताचा मित्र, एरवी लोहाऱ्याची वडाप जीप हाकतो. पहिला प्रश्न, "ह्याला ब्रेक कुठं हाय?" डावीकडे वजन म्हणून दत्ताचे तिघे मित्र. पहिल्या फेरीत लाट अप्रतिम, काचेसारखी. दुसऱ्या फेरीत गायब. नुसता फेस. तीच फळी, तोच वेग. कापताना माझं काही चुकलं का, वर घेतलेली फळी सैल झाली का, एकेक बोल्ट तपासला. काही नाही.

परतताना उलगडा झाला. दोन फेऱ्यांच्या मध्ये अण्णा काठावर भाकरी घेऊन आले होते आणि मी त्यांना आग्रहाने बोटीत घेतलं होतं. ते चढले तसे तिघे पोरगे उठले, "बसा अण्णा, ऐसपैस बसा" म्हणत त्यांना डावी बाजू मोकळी करून दिली आणि स्वतः अदबीने उजवीकडे जाऊन बसले. तीन तरणी माणसं तिकडे, एक म्हातारा इकडे. बोट उजवीकडे कलली. लाट मेली.

एसटीत, लग्नात, पारावर हेच करतो आपण. बोटीत कोणाच्या लक्षात येणार? आल्यावर पोटात दुखेपर्यंत हसलो. अण्णा हसले नाहीत.

रात्री हसू ओसरलं. पहिल्या चाचणीत माणसं कुठे बसली होती, हे मी लिहूनच ठेवलेलं नाही. म्हणजे आजची चांगली लाट फळी कापल्यामुळे की नीट बसल्यामुळे, मला सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते.

आणि कापलेल्या फळीवर दत्ताचा बोर्ड मावत नाही. पाऊल टाकायला जागा उरलेली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
 मी चुकले म्हटलं तर दत्ता म्हणाला, "ताई, तू नको वाईट वाटून घेऊस. नशिबातच न्हाय ते." मला हे वाक्य सहन होत नाही. नशीब मोजता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
चाचांकडे पुन्हा. दारात ट्रॉली रिकामी करत होते. मागचा फाळका, म्हणजे तळाशी बिजागऱ्या असलेलं दार, साखळीने खाली सोडला, ऊस ओतला, फाळका वर. मी बघतच राहिले. फळी रुंदही हवी आणि अरुंदही हवी, पण एकाच वेळी नव्हे! उतरताना रुंद, उतरल्यावर अरुंद.

कापलेला तुकडा बिजागऱ्यांवर परत बसवला. साखळीचं टोक बोटीत, डाव्या बाजूला; ओढलं की फाळका वर. चाचा खूश, म्हणाले, बोट आता कुठं घरची वाटायली.

साखळी ओढणारा माणूस डावीकडेच बसलेला हवा, फेरीभर उठता कामा नये. दत्ता म्हणाला, अण्णा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बोल्ट आवळत होता.

२३ नोव्हेंबर, रविवार
आधी बसण्याच्या जागा लिहून घेतल्या. मग फाळका वर ठेवून दोन फेऱ्या: लाट नितळ. फाळका खाली ठेवून दोन: फेस. माणसं तीच, जागा त्याच. म्हणजे फळीचाही वाटा आहे. (इतका आनंद झाला की विठ्ठलला नियंत्रित प्रयोगावर व्याख्यान दिलं. त्याने ऐकलं, बिचाऱ्याने.)

मग दत्ता. जॅकेट, बोर्ड, फाळका खाली. अण्णांना मी पुन्हा सांगितलं: त्याचा पाय फळीवरून सुटला की लगेच साखळी ओढा.

तो उतरला. उभा राहिला! दोरी नाही, आधार नाही, दोन्ही हात मोकळे. मी मोजायचं विसरले. मग लाट पायाखालून फेसाळली आणि तो मागे पडला, हसत वर आला. फाळका खालीच होता. साखळी अण्णांच्या मुठीत घट्ट, ओढलेली नाही.

"अण्णा, वडली का न्हाय?" दत्ताने पाण्यातूनच विचारलं.

अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "माघारी पाय टेकायला कायतरी असू दे म्हटलं."

 विठ्ठलने इंजिन बंद केलं.

लाट अडवली ती फाळक्याने. हे सिद्ध झालं. साखळी दत्ताच्या एखाद्या मित्राकडे द्यावी, असं मी सुचवलं. दत्ता डाव्या हाताने वर चढला, बोर्ड वर घेतला आणि म्हणाला, "न्हाय. अण्णाच धरतील."

पेट्रोल संपत आलं होतं, म्हणून परतलो. काठाला लागेपर्यंत अण्णांनी साखळी सोडली नव्हती. आता अंगणात बसले आहेत. मघाशी मला हाक मारून विचारलं, पाय सुटला हे नेमकं कशावरून ओळखायचं. मी बोर्डचा पुढचा भाग, टाच, वजन, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ते कळलं. वडायचं कसं, ते सांग."