मी फोनवर येणार नाही

१ डिसेंबर
निश्चय झाला. नाताळला चिरंजीवांचा फोन आला तरी मी बोलणार नाही. धर्मसेवेसाठी दोन वर्षं घर सोडताना त्याने मला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मिशनचा नियम असा की घरी फोन वर्षातून दोनदाच. नाताळला आणि मे महिन्यात मदर्स डेला. चाळीस मिनिटं. बापाच्या नावाने काही नाही. नोंद घेतली आहे.
हिला निश्चय सांगितला. बरं म्हणाली. बायको म्हणून निदान एकदा तरी 'अहो, असं काय करता' म्हणायला हवं होतं.

४ डिसेंबर, दुपार
ड्रायव्हिंग स्कूल उत्तम चाललंय. चिरंजीवांवाचून काही अडलेलं नाही. गाड्या दोन आणि शिकवणारा मी एकटा, म्हणून एक गाडी उभी असते. गाडीलाही विश्रांती लागते.
पाटीवर 'आणि पुत्र' असं रंगवून घेतलं होतं. ते पुसायला पेंटरला बोलावलं. तो आल्यावर वाटलं, तेवढाच भाग पांढरा दिसेल. चहा पाजून परत पाठवला.

९ डिसेंबर
आमच्या चर्चचे पास्टर गाडी शिकायला माझ्याकडेच येतात. पोराच्या डोक्यात मिशनचं खूळ ह्यांनीच भरवलं. सूड वगैरे माझ्या स्वभावात नाही. आज फक्त रिव्हर्स पार्किंग अकरा वेळा करून घेतलं. अकराव्या वेळी कचऱ्याचा डबा आडवा झाला.
घाम पुसत म्हणाले, तुमचा मुलगा तिकडे मिशनची व्हॅन चालवतो, आजाऱ्यांना दवाखान्यात नेतो. गाडीवर एक ओरखडा नाही. कुठे शिकलास विचारलं की तुमचं नाव सांगतो.
मी म्हटलं, क्लच सावकाश सोडा. गाडी बंदच होती.

१५ डिसेंबर
त्याची ईमेल दर सोमवारी येते. मी वाचत नाही. धाकटी मुलगी मोठ्याने वाचते, त्याला माझा इलाज नाही. आज पुटपुटल्यासारखं वाचत होती म्हणून टीव्ही बंद केला. टीव्हीवर तसंही काही नव्हतं.
लिहितो की व्हॅनचा ब्रेक खोल जातो. अरे गाढवा, ब्रेक ऑइल बघ! धाकटीला तसं ताबडतोब कळवायला सांगितलं. ह्याला बोलणं म्हणत नाहीत. ही तांत्रिक सूचना आहे.

२१ डिसेंबर
नाताळच्या जेवणाआधी प्रत्येकाने आपण यंदा कोणाचे, कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं, अशी आमच्या घरची पद्धत. हिने आज आठवण दिली. मी माझ्या तब्येतीबद्दल आभार मानणार आहे. ती मला न विचारता कुठे गेलेली नाही.
फोनचंही दोघींसमोर पुन्हा जाहीर केलं. येणार नाही म्हणजे नाही. आता माघार नाही. समजा फारच गळ घातली, तर घरात कटकट नको म्हणून पाच मिनिटं. पण तीनदा बोलवावं लागेल. पहिल्या हाकेला उठतो तो कसला बाप?

२४ डिसेंबर
नवा शर्ट आणला. शर्टाचा फोनशी काही संबंध नाही. निळा रंग स्क्रीनवर उठून दिसतो, असं दुकानदार म्हणाला. मी विचारलं म्हणून.

२५ डिसेंबर, सकाळी ११.१५
दाढी केली, शर्ट घातला आणि बाहेर गाडीत येऊन बसलो. गाडी खिडकीतून दिसेल अशी लावली आहे. उगाच कोणाला शोधायला त्रास नको.

११.३५
धाकटी आली. दादाचा फोन लागलाय म्हणाली. येणार नाही म्हटलं. ठीक आहे म्हणून सरळ निघून गेली! ह्या पिढीला आग्रह करता येत नाही. असो, एकदा झालं.

११.५०
आता ही स्वतः येईल. आरशात बघून भांग सारखा केला.

१२.००
कोणी नाही. हट्टी आहेत. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

१२.१०
पडदा हलला. हात दाराच्या हँडलवर आहे. सवयीने.

२५ डिसेंबर, संध्याकाळ
सव्वाबाराला आत गेलो. फोन संपला होता.
फोनवरच आभाराच्या पाळीला त्याने माझं नाव घेतलं म्हणे. कशाबद्दल, ते हिने विचारलं, तर बाबांनाच सांगेन म्हणाला. शेवटची दहा मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवली. ही मला बोलवायला उठली, तर त्यानेच थांबवलं. भरीस पाडू नका, यायचं असेल तर आपणहून येतील. मग तिघंही गप्प बसून दाराकडे बघत राहिले. पूर्ण दहा मिनिटं. मी पंधरा पावलांवर होतो.
जेवणाआधी माझी पाळी आली. तब्येतीचं म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. तब्येत ठणठणीत असताना. धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला. त्याचा जास्त राग आला.

२६ डिसेंबर
काल माझं चुकलं असं नाही. पण त्याला काय सांगायचं होतं ते कळायला हवं, तो माझा हक्क आहे. ईमेलने विचारावं तर उत्तर धाकटी मोठ्याने वाचणार.
शेवटी हिला म्हटलं, मदर्स डेच्या तुझ्या चाळीस मिनिटांतली दहा मला देशील का.
बघू म्हणाली.