झेपेलिनच्या कॅमेऱ्यातला फोटो

जामबाग, हैदराबाद
२ डिसेंबर १९५६

ती. सौ. सरोजअक्कास,

मुकुंदाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. केशवराव भावोजी औरंगाबादच्या ऑफिसात आता रुळले असतील. हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि माझी बहीण मुंबई राज्यात गेली, हे काही अजून पचत नाही.

परवा कोठीच्या जुन्या बाजारात झेपेलिनचं चित्र असलेला कप मिळाला. तू म्हणशील, त्या उडत्या जहाजांचं वेड अजून आहेच का? आहे. जहाजं केव्हाच बंद पडली, पण त्यांच्या तिकिटांनी, कपांनी आणि जुन्या कॅमेऱ्यांनी माझं कपाट भरतंच आहे.

तू फोटोचं पुन्हा विचारलंस. किती टाळू?

तू निघालीस त्या दिवशी आई जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली, तीही तू शेजारी बसून हात धरलास म्हणून. मी हौसेनं झेपेलिनमधून फिरून आलेलाच कॅमेरा काढला. रोल अर्धा उरला होता. संपल्याशिवाय तो धुवायला द्यायचा नाही, ही माझी कंजुषी तुला ठाऊक आहे.

मग तारनाक्याचे अप्पाराव कॅमेरे बघायला आले. "ये सच्ची त्या जहाजातनं आला क्या जी? जरा उघडून दाखवा की!" माझे बाकीचे कॅमेरे रिकामेच असतात, हाताला तीच सवय. मिरवायच्या भरात, आतला रोल विसरून, भर उन्हात मागचं झाकण उघडलं. रोल धुतल्यावर काळाठिक्कर निघाला. अक्का, त्यात तुम्हा दोघींचा फोटोही गेला.

दुसरा काढू म्हटलं, तर आई म्हणाली, "एकदा काढला ना? सरोज नाही तर नको."

आणि याहून वाईट मी पुढे केलं. मोतीबिंदूमुळे तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवतो. मागच्या पत्रातली 'फोटो अजून का नाही?' ही ओळ मी गाळली आणि तिच्या जागी तूच लिहिल्यासारखं वाचलं, "फोटो पोचला. आईचा पदर अगदी नीट आलाय." ती इतकी हरखली की शेजारच्या मालनबाईंना सांगून आली. आता रोज तेच पत्र वाचायला लावते. आणि तू न लिहिलेली ती ओळ मी रोज म्हणतो.

मला माझीच लाज वाटते. जमलं तर सुट्टीत ये आणि तिच्याशेजारी बस. नाहीतर काय लिहायचं ते तू ठरव, पण पत्र आईच्या नावानं पाठव. त्यात माझी खरडपट्टी असली, तरी या खेपेला एक शब्दही न बदलता वाचून दाखवीन.

तुम्हा दोघींचा अपराधी,
मुकुंद