घरगुती अ‍ॅम्प

७ जानेवारी

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तुम्ही काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाता, असं धाकटीने सांगितलं. बरं वाटलं. पण वरच्या फळीवरचे डबे काढायला जाऊ नका, तुमची सवय मला ठाऊक आहे. मी मजेत आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी खोलीवर येऊन आपला उद्योग.

सध्याचा उद्योग म्हणजे तुमच्या या धाकट्या लेकीच्या बेस गिटारचा अ‍ॅम्प. तिने बँडमध्ये जाहीर करून टाकलंय, "वाजवीन तर वहिनीने केलेल्या अ‍ॅम्पवरच." मी तिची वहिनी राहिले नाही याला दोन वर्षं झाली, पण तिला कोण समजावणार? त्यांचा ड्रमवाला म्हणाला, "घरगुती शिकवणी ऐकली होती, घरगुती अ‍ॅम्प पहिल्यांदाच ऐकतोय."

गिटारचे अ‍ॅम्प मी केले होते, ते सरळ जमले. बेसचं प्रकरण वेगळं आहे. खालचे सूर पेलायला दोन्ही ट्रान्सफॉर्मर मोठे लागतात, स्पीकर मोठा लागतो, आणि खोका असा भक्कम की थाप मारली तर आपलाच हात दुखावा. जुन्या कपाटाच्या फळ्या कापून खोका केला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा खालच्या सलूनमधले न्हावीदादा वस्तरा हातात घेऊनच वर आले.

"ताई, आरसे थरथरताहेत. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाचा कान जाईल!"

मग जिन्यात जरा घुटमळले आणि म्हणाले, "आणखी एकदा वाजवा बघू."

अडलंय ते एकाच ठिकाणी. अ‍ॅम्प चालू केला की तार न छेडताही घूंऽऽ असा आवाज येत राहतो, बाटलीत माशी कोंडल्यासारखा. अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणल्या, काचेचे व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सोल्डरिंग पुन्हा केलं. माशी काही जात नाही. कार्यक्रम येत्या शनिवारी आहे. घरचे सगळे येणार म्हणे. सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

तुम्हाला काही सुचलं तर धाकटीकडे निरोप द्या.

तुमची काळजी वाटते. जपा.


रविवार, सकाळ

ती. आईंना,
नमस्कार, आणि आज एक कडकडून मिठीसुद्धा.

निरोप पोचला. धाकटीने तो दारातूनच ओरडून सांगितला, "आई म्हणते, दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांकडे तोंड करून बसलेत का बघ. एकाला आडवा फिरव!" बसलेच होते, भांडायला बसल्यासारखे. प्लग काढला, आत साठलेली वीज उतरवली, तरी शॉक छातीतून जाऊ नये म्हणून तुमच्या शिकवणीप्रमाणे एक हात पाठीमागे ठेवला. स्क्रू सैल करून एकाला फिरवून बसवलं. चालू केलं, तर काहीच नाही. मला वाटलं, जळला. धाकटीने घाबरत एक तार छेडली आणि माझी खाट जागची हलली!

आम्ही दोघी लहान पोरींसारख्या नाचलो. खालून न्हावीदादांनी छताला झाडूच्या दांड्याने ठोकून दाद दिली.

कालच्या कार्यक्रमाचं तुम्हाला घरी काय सांगितलं गेलं कोण जाणे, म्हणून मीच सांगते. वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मी कडेला पडद्याआड उभी होते. ड्रमवाल्याने अ‍ॅम्पपाशी वाकून कान लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा चालू आहे का? काहीच आवाज नाही!" धाकटीने अंगठा मारला. तो असा दचकला की काठ्या हातातून सुटल्या. लोक हसले, आणि मग कुणी हसलं नाही. आई, तो सूर आधी पायांना कळला, मग छातीला, आणि कानांना सगळ्यात शेवटी. दोन गाण्यांच्या मधे मात्र अगदी शांतता. माशी नाही, काही नाही. शेवटच्या गाण्याला पहिल्या रांगेत न्हावीदादा उभे राहून शिट्ट्या मारत होते. धाकटीने माइक घेतला आणि म्हणाली, "अ‍ॅम्प माझ्या वहिनीने बनवलाय." मला पडद्यामागून ओढून पुढे नेलं. टाळ्या थांबेनात.

आता राहिलेलं सांगते, इतका वेळ टाळत होते. तुमचे चिरंजीव आले होते. सगळे पांगल्यावर ते अ‍ॅम्पच्या मागे जाऊन वाकून बघत बसले. "एकतर हा तारांचा पसारा राहील नाहीतर मी," असं म्हणणारे तेच. तेव्हा माझ्या सामानाचं खोकं त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं आणि तुम्ही ते उचलून माझ्या हातात दिलं होतंत. त्यावर आपण कधीच बोललो नाही.

"वायरिंग फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कुठे शिकलीस?"

"तुमच्या आईंकडे."

"आमच्या आईकडे?"

"लग्नाआधी त्या रेडिओच्या कारखान्यात होत्या. मला दुपारी शिकवायच्या, आपल्या जेवणाच्या टेबलावर. तुम्ही ऑफिसात असायचात."

आई, धाकटीने आणि मी जपलेलं तुमचं गुपित मी फोडलं. कारखान्यात काम केलेली सून तुमच्या मामंजींना लोकांत सांगायला लाजिरवाणी वाटली, म्हणून तुम्ही ते आयुष्यभर गिळलंत. मी रागाने नाही बोलले. टाळ्या पडल्या त्यातल्या निम्म्या तुमच्या होत्या, त्या मला एकटीला घेववेनात.

ते पुन्हा वाकून वायरिंग बघू लागले. मग विचारलं, "तिला अजून येत असेल?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

टेंपोत चढवताना अ‍ॅम्पची एक बाजू न्हावीदादांनी धरली आणि दुसरी त्यांनी. गैरसमज नको, मी त्या घरी परत येणार नाही. पण निघताना मी त्यांच्याकडे बघून 'येते' म्हटलं, हे पहिल्यांदाच झालं.

विचारलं का त्यांनी?

आणि हो, ड्रमवाल्याच्या भावाला गिटारचा अ‍ॅम्प हवाय, आमच्याच हातचा. "किती दिवस लागतील?" असं त्याने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हा दोघींना दीड महिना." आता शब्द दिलाय. टेबल खिडकीपाशी सरकवलंय, तुमच्या डोळ्यांना तिथे उजेड पुरेल. दुकानातून मोठं भिंगही मागून आणलंय. जिन्याची चिंता नको, न्हावीदादा म्हणतात, खुर्चीत बसवून वर आणू. गुडघा बरा झाला की या. कुणाला विचारायची गरज नाही, फक्त कळवा.

वाट बघतेय,
तुमची भागीदार