मोठ्या विमानाच्या मागे

सांबरा, बेळगाव
१७ जानेवारी १९८४

प्रिय आक्कास,
जय भीम.

आई आणि भाऊजी बरे असतील. इथं जेवणखाण ठीक आहे. बेंगळूरहून येऊन तीन आठवडे झाले, निपाणी एवढी जवळ, तरी आलो नाही म्हणून आई रुसली असेल. काम सुटत नाही म्हणून सांग.

इथवर तिला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

मी ऑफिसात बसून आकडे काढतो असं तिला वाटतं. खरं असं आहे, मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांमागं हवेचे भोवरे सुटतात. ते दिसत नाहीत, म्हणून पंखांवरून धूर सोडतात. मग आमचं छोटं विमान मुद्दाम त्यात घालायचं आणि किती हिसका बसतो ते मोजायचं. मी मागच्या सीटवर यंत्रं घेऊन बसतो. मागं एक छोटं विमान अशाच भोवऱ्यात सापडून पडलं, आतले सगळे गेले. किती अंतर ठेवायचं ते कुणी मोजलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात आम्ही उलटे झालो. जमीन डोक्यावर आली. माझी भुवई फुटली, यंत्राची वायर तुटली, नोंद गेली. पायलट मारुतीराव, आपल्या खानापूरचे, विमान सावरता सावरता ओरडत होते, "कृष्णात, बोल काहीतरी." मी तुटलेली वायर धरून बसलो होतो.

आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "हा गेलेला आकडा अंदाजानं लिहू." मी म्हणालो, "मोजूनच लिहू. मी परत बसतो."

मारुतीरावांनी बाहेर गाठलं. "भ्या वाटत न्हाय व्हय रं?"

"लई वाटतं."

"मग जाऊ. मलाबी वाटतं."

तंबाखूच्या वखारीच्या दारात तू संपाला बसलीस तेव्हा आई हात जोडत होती, तरी उठली नाहीस. मला तुझा राग आलता. आता कळतंय.

१९ जानेवारी

पत्र टाकायचं धाडस झालं नव्हतं. आज डॉक्टरांनी उडायला सोडलं, गेलो. चार मैल मागं राहूनही विमान पार कलंडलं, पण उलटलं नाही. सगळी नोंद आली. साहेबांनी वाचली आणि किती अंतर ठेवायचं त्या आकड्यात स्वतःच्या हातानं चार मैलांचे सहा केले. उतरल्यावर माझा पट्टा मारुतीरावांनी सोडला.

पुढच्या आठवड्यात येतो. भुवईचं काय झालं ते आईला मीच सांगेन. ती उठून जायला लागली तर तेवढं तिला धरून ठेव.

पुन्हा उडणारा, तुझा
कृष्णात