दुर्बीण मीच बसवली

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा दंडवत. तोही मनातल्या मनात, कारण खाली वाकलं की भुवईत कळ येते. तुमच्या खांद्याची पट्टी सुटली का? मामींची तब्येत विचारली म्हणून सांगा. माझ्या भुवईचं मात्र सांगू नका, त्या उगाच हातपाय गाळतील. (उजवा डोळा पुरता मिटलाय, म्हणून मी सांगतोय आणि तुमची भाचेसून लिहून घेतेय. अक्षर सुबक दिसलं तर गैरसमज नको.)

मामा, मी अजून सावरलेलो नाही. खांद्याच्या ऑपरेशनमुळे तुम्ही रविवारच्या नेमबाजीच्या सामन्यासाठी क्लबच्या संघातली तुमची जागा आणि तुमची रायफल विश्वासाने माझ्या हवाली केलीत, वर नवी दुर्बीण दिलीत आणि बजावलंत की ती क्लबच्या मिस्त्रीकडूनच रायफलवर बसवून घे. आता तुम्हीच सांगा, ज्याने उभी हयात चष्म्याच्या दुकानात काढली, त्याने भिंगासाठी मिस्त्रीचे पाय धरायचे? जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मीच कामाला लागलो. पाणसळ ठेवून रायफल समतल केली, दुर्बिणीतल्या फुलीची उभी रेघ ओळंब्याशी जुळवली, दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू आवळले. ही शेजारी बसून माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती, की डोळा आणि दुर्बीण यांच्यात चार बोटं अंतर हवं. मी म्हटलं, बाई गं, गिऱ्हाइकाच्या नाकापासून चार बोटं लांब चष्मा बसवला तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढेल का? (हे लिहिताना ही हसली. डोळा मिटलाय, कान उघडे आहेत.) मी दुर्बीण मागे ओढून पार पापणीशी आणली. कडेला काळी सावली दिसत होती, ती नवेपणाची असेल म्हणून सोडून दिली.

रेंजवर पालथा झालो, तीनशे मीटरवरच्या फळ्यावर फुली लावली आणि चाप ओढला. रायफलने खांद्याला लाथ घातली आणि दुर्बिणीची कड थेट भुवईवर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. गोळी मागच्या मातीच्या बांधात गेली, फळ्याला शिवलीसुद्धा नाही.

पण मामा, खरा धक्का हा नव्हेच. मी बाकावर कापूस दाबून बसलो होतो. तेवढ्यात हिने बाह्या सारल्या, रेंजप्रमुखांकडून (तेच, ज्यांना आपण मागून फौजदार म्हणतो) स्क्रूड्रायव्हर मागितला, कड्या सैल केल्या, दुर्बीण पुढे सरकवली, स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळले आणि फौजदारांच्या देखरेखीखाली स्वतःच आडवी झाली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही मधल्या काळ्या वर्तुळाच्या खाली, डावीकडे. मी जरा समाधानानेच म्हटलं, चुकलं. फौजदार म्हणाले, अहो, तिन्ही एकमेकींना चिकटून आहेत, नेम पक्का आहे, आता फक्त दुर्बिणीला समजवायचं. हिने वरचं बटण थोडं फिरवलं, बाजूचं थोडं फिरवलं, पुन्हा आडवी झाली. पुढच्या सगळ्या गोळ्या काळ्यात, आणि त्याही अगदी मधोमध. मामा, ही साधा डास मारायलासुद्धा मला हाक मारते हो! मी तोंडाचा आ वासून बसलो, तो मिटायची आठवण फौजदारांनी केली.

वर तेच म्हणाले, तुमचा डोळा काही रविवारपर्यंत उघडत नाही, मामांचं संमतीपत्र आलं तर संघात यांचं नाव घालतो. तेव्हा ते पत्र शनिवारच्या आत पोचेल असं पाहावं. मला तिचा फार अभिमान वाटतो. (हे मी आपणहून सांगितलंय.)

आपला, एवढा एक प्रसंग वगळता,
आज्ञाधारक भाचा

ता. क. ही चहा टाकायला गेलीय, म्हणून हे वेडंवाकडं माझ्या हातचं. मामा, संमती देऊ नका. मी कपाळमोक्ष करून घेतला आणि बायको संघात गेली, हे कळल्यावर गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? काहीही सबब सांगा. खांदा बरा झाला म्हणा. पाया पडतो.

ता. क. मामा, पाकीट नेहमी मीच चिकटवते, हे यांच्या लक्षात राहिलं नाही. वरचं काही खोडलेलं नाही. मला खेळायचं आहे, मामा, अगदी मनापासून. बाकी तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. यांनी स्वतः डोळे तपासून मला दूरचं बघायला चष्मा दिलाय. त्या दिवशी तो काढून पर्समध्ये टाकला, तेव्हा कुठे मला फळा दिसला.